माझ्या पश्चात म्हातारीचा माग कोणी ठेवायचा याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गाड्यांच्या सीटा व कव्हरं शिवणे, माझ्या मागे कोणी काय घ्यावं आणि कोणी काय करावं हे या कागदावर लिहून ठेवते. माझी बुद्धी जागेवर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. यजमानांचा दाखला मागितला नाही, कारण या बाबतीतलं त्यांचं मत घरात सर्वांना माहीत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही, मला कोणी भूल घातलेली नाही, की गोड बोलून सही घेतलेली नाही. आमच्या घरात गोड बोलण्याची पद्धतच नाही.

पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, घाबरू नका, ही आमची रोजची ऑपरेशनं आहेत." त्यांची रोजची असतील, माझं पहिलंच आहे. म्हणून हे लिहायला बसले. मजकूर माझा आहे. वकीलबाईंनी त्यात 'सदर' आणि 'उपरोक्त' पेरले होते, त्यातले निम्मे मी उपटले.

कलम १. राहतं घर आणि त्याला लागून असलेली वर्कशॉपची खोली आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझा हिस्सा यजमानांना आणि त्यांच्या पश्चात लेकीला मिळावा. अट एकच. स्वयंपाकघरातला नळ गळू लागला तर यजमानांनी त्याला हात लावू नये, प्लंबर बोलवावा. हे चाळीस वर्षं गाड्यांची वायरिंग करत आले आहेत आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पण पाण्याची लाइन आधी बंद करायची असते, हे त्यांना दर वेळी भिजल्यावर आठवतं.

कलम २. बँकेतली ठेव लेकीला. ती परगावी शाळेत गणित शिकवते. तिला हिशोब समजावून सांगायची माझी प्राज्ञा नाही.

कलम ३. माझं जाड कापडाचं शिलाई मशीन गॅरेजवाल्यांच्या सुनेला द्यावं. पोरीचा हात सरळ आहे आणि काम करताना ती फोनकडे बघत नाही. तिने मला आजवर तीनदा विचारलं आहे, "काकू, मशीन विकायचंय का?" बाळ, विकायचं नाही, फुकट देते आहे. फक्त तुला थोडं थांबावं लागेल. मशीनचा पाय-पेडल डावीकडे ओढतो, ती खोड आहे, बिघाड नाही. दुरुस्त करू नकोस.

कलम ४. माझी दहा इंची कात्री माझ्या नणंदेला, म्हणजे यांच्या धाकट्या बहिणीला.

याचं कारण लिहिणं भाग आहे. एकोणतीस वर्षांपूर्वी वन्सं ही कात्री "पाच मिनिटांत आणून देते" म्हणून घेऊन गेल्या आणि त्या कात्रीने त्यांनी पत्रा कापला. कापडाच्या कात्रीने कोणी कागद कापला तरी माझा जीव खालीवर होतो, वन्संनी पत्रा कापला. चार दिवसांनी परत आणून दिली आणि वर म्हणाल्या, "वहिनी, बोथटच होती गं तुझी." त्या दिवसापासून आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. मी ती कात्री तीनदा धार लावून आणली, पण मधोमध एक खाच आहे ती गेली नाही. तीच कात्री आता वन्संना देते आहे. आता हवा तेवढा पत्रा कापा. मात्र माझ्या मनातून राग का गेला, हे पुढे कलम ६ मध्ये येईल.

कलम ५. म्हातारी.

म्हातारी म्हणजे आमची कॅम्पर व्हॅन. वरून पांढरी, खालून हिरवी, पुढे दोन गोल दिवे, मागे दोन बाकं, त्यांच्यामध्ये घडीचं टेबल, कोपऱ्यात एका बर्नरची शेगडी आणि वर उचलून धरायचं छत. वयाने माझ्याहून थोडीच लहान. यांनी ती भंगारवाल्याच्या आवारातून ओढत आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. मी म्हटलं, "अहो, कोंबड्या परत करा आणि गाडीही परत करा." कोंबड्या परत गेल्या.

यांनी अकरा महिने तिची वायरिंग केली आणि मी बाकं, पडदे आणि छताचं कापड शिवलं. यांच्या कामाची खूण इथे नोंदवते. वायरीच्या जोडावर टेप गुंडाळली की तिचं शेवटचं टोक हे जरासं दुमडून ठेवतात, म्हणजे पुढे उघडणाऱ्याला नख लावून खरवडत बसावं लागत नाही. आणि टेपवर बारीक पेनाने तारीख घालतात. यांचा एकही जोड बिनतारखेचा सापडणार नाही. उलट शिवणातलं मात्र यांना ओ की ठो कळत नाही. एकदा मी माहेरी गेले असताना शर्टाचं तुटलेलं बटण यांनी तांब्याच्या तारेने लावलं आणि महिनाभर तोच शर्ट मिरवला.

म्हातारी यजमानांनाच मिळावी. कागदोपत्री ती माझ्या नावावर आहे, कारण ती घेतली त्या दिवशी यांचं ओळखपत्र सापडत नव्हतं. ते अजून सापडलेलं नाही.

कलम ६. हे आणि पुढचं कलम माझ्या पश्चात वाचून होईपर्यंत यजमानांना खोलीबाहेर बसवावं.

यजमानांना रुसायची सवय आहे. तरुणपणी हे रुसले की गच्चीवर जाऊन बसत. म्हातारी आल्यापासून हे म्हातारी घेऊन जातात. भांडण कशावरूनही होतं. मागचं मिठावरून झालं होतं, त्याच्या आधीचं मी यांची पक्कड भाजीच्या कपाटात ठेवली यावरून. दोन शब्दांचे चार झाले की हे किल्ली उचलतात, फोन मुद्दाम फळीवर ठेवतात आणि दारात थांबून म्हणतात, "मी चाललो. मला शोधत बसू नकोस." मीही म्हणते, "मला काय दुसरं काम नाही?" मग म्हातारी दोनदा खोकते आणि जाते.

पूर्वी मी घरीच बसत असे. राग उतरला की हे येत. पण सहा वर्षांपूर्वी हे असेच गेले आणि आले नाहीत. दिवस उलटला, दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. मी स्कूटरवरून सगळे रस्ते पालथे घातले, दोन दवाखान्यांत विचारून आले. शेवटी हे संध्याकाळी एका दुधाच्या गाडीत बसून परत आले. आडरस्त्याला क्लचची केबल तुटली होती, एवढंच. मी यांना ताट वाढलं. पण त्या दीड दिवसात माझी काय अवस्था झाली ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. मी फार घाबरले होते. भांडणातला माझा शेवटचा शब्द 'कटकट' हा होता आणि तो मला परत घेता येत नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी मोबाइलच्या दुकानात गेले. गाडी कुठे आहे ते फोनवर दाखवणारा डबा मिळतो असं ऐकलं होतं. दुकानदार म्हणाला, "काकू, चोरांची भीती आहे का?"

"चोर कशाला नेतील? मालकच पळवतो."

डबा काडेपेटीएवढा निघाला. तो गाडीच्या बॅटरीवर चालतो आणि आत त्याचा स्वतःचा छोटा सेलही असतो. दुकानदाराने सांगितलं, सेल दोन वर्षं टिकेल, फार तर तीन. हे लिहिताना सहा वर्षं झाली, अजून चालतो आहे. चार वर्षांपूर्वी एकदा दोन दिवस गप्प झाला होता, पण आपसूक सुरू झाला. हल्ली अशी टिकाऊ वस्तू मिळत नाही.

तो मी माझ्या हाताने बसवला. हे केस कापायला गेले होते तेवढ्या वेळात. वायरिंगमध्ये लपवला असता तर यांनी तो डोळे मिटून शोधला असता. म्हणून मी तो माझ्या मुलखात लपवला, मागच्या बाकाच्या गादीत, फोमला खाच पाडून. बॅटरीच्या वायरीला वायर कशी जोडतात ते चाळीस वर्षं बघत आलेच होते. टेप सापडेना, म्हणून जोड चांगला पक्का दोऱ्याने गुंडाळला, वर दोन गाठी मारल्या आणि गादी शिवून टाकली.

आता घोटाळ्याचं सांगते. दुकानदाराने विचारलं, "गाडीचं नाव काय टाकू?" मी म्हटलं, म्हातारी. "जागेवरून हलली की मेसेज काय यावा?" मी म्हटलं, गेली. आणखी एक नंबर लागत होता. लेकीचा तेव्हा बदलत होता, म्हणून मी वन्संचा दिला आणि वन्संना सांगायची विसरले.

पुढच्याच आठवड्यात यांनी सकाळी किल्ली उचलली. वन्सं आपल्या घरी बसल्या होत्या. त्यांच्या फोनवर अनोळखी नंबरावरून दोन शब्द आले, 'म्हातारी गेली.' त्यांनी उलट फोन केला नाही, विचारपूस केली नाही. हातातलं काम टाकलं, वाटेत दोन चुलत जावांना गाडीत घेतलं आणि पाऊण तासात आमच्या दारात हजर. मी आत मशीनवर होते, त्यामुळे बेल ऐकू आली नाही. ऐकू आलं ते खिडकीतून. वन्सं पायरीवर बसून हुंदके देत होत्या. "तोंडाची तिखट होती हो, पण मनाने वाईट नव्हती. आणि ती कात्री, अगं, ती मीच बिघडवली. पत्रा कापला मी तिने. एकदा तरी कबूल करायला हवं होतं गं तिच्याजवळ."

मी दार उघडलं. हातात नेमकी तीच कात्री होती.

वन्संनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "वहिनी? मग गेली कोण?"

चुलत जावांना पाणी पाजावं लागलं. खरी गोष्ट मी फक्त वन्संना सांगितली, आणि त्यांनी ती सहा वर्षं भावापासून लपवून ठेवली, हेही नमूद करते. मेसेज मी बदलून घेतला. आता 'म्हातारी फिरायला निघाली' असा येतो, आणि फक्त माझ्याच फोनवर.

तेव्हापासून असं चालतं. मेसेज आला की मी तासभर थांबते, राग निवू देते. मग फोनवर बघते. हे तीनच ठिकाणी जातात. बंद गिरणीमागचं तळं, टेकडीवरची पाण्याची टाकी, नाहीतर जुन्या रेल्वे फाटकाजवळचं मैदान. मी थर्मासमध्ये चहा भरते, स्कूटर काढते आणि जाते. शेगडी पुढ्यात असून हे चहा करत नाहीत. घडीचं टेबल मात्र उघडलेलं असतं आणि त्यावर दोन कप मांडलेले असतात. मला वाटे, सवयीने मांडत असतील.

दर वेळी विचारतात, "तुला कळतं कसं गं मी कुठे आहे ते?"

दर वेळी मी सांगते, "मन सांगतं."

यावर हे तळ्याकडे बघत गालातल्या गालात हसतात. मला वाटे, माणूस खूश होतो आहे, होऊ दे.

कलम ७. आता मुख्य गोष्ट. घर, ठेव, मशीन यांचं माझ्याशिवायही चालेल. माझ्या मागे यांचं भांडण होणार, कोणाशी ना कोणाशी होणारच, आणि हे किल्ली उचलणार. तळ्यापाशी जाऊन दोन कप मांडून बसणार आणि कोणी येणार नाही. झडपेपेक्षा मला याची भीती जास्त आहे.

म्हणून माझा फोन, त्यातला तो नकाशा आणि माझा थर्मास, हे तिन्ही मी वन्संना देते. लेकीने वाईट वाटून घेऊ नये. लेक हुशार आहे, तिला मेसेज आला तर ती आधी खात्री करून घेईल, मग दोघांना फोन करेल, मग निघेल. वन्सं दोन शब्दांवर धावत आल्या होत्या. या कामाला असंच माणूस हवं.

वन्संनी पाळायच्या गोष्टी: तासाच्या आत जाऊ नये. चहात साखर दीड चमचा. भांडण कशावरून झालं ते विचारू नये. "चला घरी" असं म्हणू नये, "थंडी पडायला लागली" असं म्हणावं. आणि कळलं कसं असं यांनी विचारलं, तर मन सांगतं म्हणावं. डब्याची गोष्ट यांना कळता कामा नये. बायकोने सहा वर्षं पाळत ठेवली हे कळलं, तर हे रुसायचंच सोडून देतील, आणि मग हा माणूस करणार काय?

पुरवणी. वरील मजकूर वकीलबाईंनी वाचला, पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण वस्तू नेमकी कुठे आहे ते लिहा. कोणतं बाक, कोणती बाजू. उद्या बंद पडली तर तुमच्या नणंदबाईंना सापडायला नको?"

म्हणून काल हे माझे रिपोर्ट आणायला गेले असताना मी मोजायची टेप घेऊन म्हातारीत शिरले. मागचं बाक, डावी बाजू, कडेपासून नऊ इंच, असं लिहायचं होतं. गादी उलटी केली.

ती शिवण माझी नव्हती.

माझा टाका इंचाला सात. हे टाके इंचाला दोन, तेही एक वर, एक खाली. दोरा माझाच, करड्या रंगाचा, पण टोकाला गाठ नव्हती. दोन्ही टोकं एकमेकांत पिळून आत दाबली होती, वायरी पिळतात तशी.

मी पाच टाके उसवले आणि हात आत घातला. माझा दोऱ्याचा जोड गायब होता. जागेवर सोल्डरने नीट डाग दिलेला जोड, मध्ये छोटा फ्यूज आणि वर काळी टेप. टेपचं टोक दुमडलेलं. टेपवर तारीख, चार वर्षांपूर्वीची, तो डबा दोन दिवस गप्प झाला होता त्या आठवड्यातली. शेजारी दुसरा टेपचा तुकडा होता, 'सेल बदलला', खाली दोन तारखा, एक तीच आणि दुसरी गेल्या वर्षीची.

मी बाकावर बसून राहिले. चार वर्षं यांना माहीत आहे. चार वर्षं हे किल्ली उचलतात, फोन फळीवर ठेवतात, शोधू नकोस म्हणतात आणि मी शोधावं म्हणून डब्याचा सेल बदलतात. तीनच ठिकाणी जातात, कारण तिन्ही ठिकाणी नेटवर्क आहे. हे मला त्या बाकावर कळलं. मी थोडी रडले आणि थोडी हसले, कोणतं आधी ते आठवत नाही.

मग गादी परत शिवली. माझ्या टाक्यांनी शिवली असती तर यांना लगेच कळलं असतं. म्हणून यांच्याच टाक्यांनी शिवली, इंचाला दोन, एक वर, एक खाली, टोकं पिळून. पन्नास वर्षं सरळ शिवलेल्या हाताला ते पाच वाकडे टाके घालायला पाऊण तास लागला.

सबब कलम ६ मधली खोलीबाहेर बसवण्याची सूचना रद्द. यजमानांना आत बोलवावं, खुर्ची द्यावी आणि पुढचं त्यांनाच वाचून दाखवावं.

अहो, माझ्या मागे तुम्ही रुसाल, रुसा. तळ्यावरच जा, टाकीचा चढ आता म्हातारीला झेपत नाही. फोन फळीवर ठेवलात तरी चालेल. वन्सं येतील. चहा थोडा थंड असेल, त्यावरून परत भांडू नका. कळलं कसं ते जरूर विचारा, त्या बिचाऱ्या पाठ केलेलं उत्तर देतील, तुम्ही हसू नका. सेल पुढच्या वर्षी परत बदलावा लागेल. तारीख घाला. आणि टेबलावर कप तीन मांडत जा.

हे सर्व मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहून ठेवलं आहे. या आधीचं माझं दुसरं मृत्युपत्र नाही. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

ठिकाण: वर्कशॉपची खोली, कापायच्या टेबलावर.
दिनांक: ९ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी साडेअकरा.

लिहून ठेवणार: (सही) सीटवाली मावशी

साक्षीदार १: (सही) गॅरेजवाले, समोरचं दुकान. मावशींनी सही माझ्या डोळ्यांदेखत केली. मशीनबद्दल सुनेला मी काही सांगणार नाही.

साक्षीदार २: (सही) डॉक्टरीणबाई. लिहून ठेवणारी शुद्धीवर असून नाडी ठीक आहे. स्कूटर चालवायला मी मनाई केली होती, ती त्यांना मान्य नाही.

खुलासा: माझ्या सहीचं शेवटचं अक्षर ओढल्यासारखं दिसतं, ती खाडाखोड समजू नये. सही करता करता फोन वाजला. 'म्हातारी फिरायला निघाली.' सकाळी गोळ्यांवरून आमचं वाजलं होतं. आत्ता पाहिलं, तळ्यापाशी थांबले आहेत. एक तास थांबायचा माझाच नियम आहे, पण आज थांबत नाही. गॅरेजवाले मला त्यांच्या गाडीतून सोडणार आहेत. कागद वकीलबाईंनी ठेवावा, मी चहा भरून निघते.